मोकळा दिवस

नंदनवन वस्तीतली खोली घरात सगळ्यांच्या आधी शोभाताईंनी पाहिली, भाची शामलासोबत. पाहून आल्यावर शामलानं हळूच विचारलं तेव्हा मात्र त्यांनी ती अशी सांगितली, जसं एखादी बाई शेजारणीचं नवं लुगडं सांगते. "खोली काय, खोलीसारखी खोली हाये," म्हणाल्या आणि रहाटापाशी सुताच्या कांड्या भरायला बसल्या. सूत दोनदा तुटलं, पण कोणाच्या लक्षात आलं नाही. शोभाताईंच्या हातून सूत तुटतं हे विणकरांच्या तांडापेठेत कोणी मानलंही नसतं.

खोली कशी होती ते त्यांनाच ठाऊक. वरचा मजला, बाहेरून स्वतंत्र जिना, ओट्याला लागून नळ, आणि पूर्वेला एक खिडकी. तिचा कट्टा माणूस पाय वर घेऊन बसेल एवढा रुंद. शामला घरमालकिणीशी बोलत होती तेव्हा शोभाताई त्या कट्ट्यावर टेकल्या होत्या. समोर मोकळे प्लॉट, कोणाची तरी म्हैस चरत होती, आणि आवाज म्हणून कसला नाही. जन्मभर मागाच्या खटखटीत राहिलेल्या बाईला तो सन्नाटा आधी कानाला टोचला आणि मग असा गोड लागला की उठावंसं वाटेना.

"एकट्या मुलीला मी खोली देत नाही," सत्यवतीबाई म्हणाल्या. निवृत्त नर्स, विधवा, बोलायला रोखठोक. "मी स्वतः एकटी राहते, म्हणून लोक काय काय बोलतात ते मला माहीत आहे. घरचं कोणी मोठं माणूस सोबत पाहिजे."

"माझी आत्या राहीन ना माझ्यासंगं," शामला म्हणून गेली. तिनं आत्याला आधी विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नसावं. आई गेली तेव्हा ती रांगत होती, आणि तेव्हापासून आत्याचा पदर तिनं सोडला नव्हता.

सत्यवतीबाईंनी शोभाताईंकडे पाहिलं. "राहाल तुम्ही?"

"राहीन नाई तं!" शोभाताई एवढ्या जोरात म्हणाल्या की त्यांचा त्यांनाच अचंबा वाटला.

आता घरी सांगायचं राहिलं होतं. देवराव, शोभाताईंचे थोरले भाऊ आणि शामलाचे वडील, तोंडानं कोणाला नाही म्हणत नसत. न म्हणता नाही कसं करायचं हे मात्र त्यांच्याकडून शिकावं. त्यांच्या दोन खोल्यांत दोन माग होते. एकावर ते बसत, दुसऱ्यावर मुलगा श्रावण. शामला बी.एस्सी. झाली ती या दोन मागांच्या मधल्या पट्टीत सतरंजी टाकून, कानांत कापूस घालून. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी तिला नंदनवनातल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, तेव्हा देवरावांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पोरीनं शिकावं ही त्यांची मोठी हौस होती. शिकून तिनं पुढे काय करावं, इथवर त्यांचा विचार गेलाच नव्हता.

रविवारी जेवणं झाली आणि शामलानं एका दमात सांगून टाकलं.

श्रावण उसळला. "खोली? काहून? हे घर काय पडून राहिलं? सायकल हाये तुह्यापाशी."

"दादा, मले एम.एस्सी.ले बसाचं हाये, बाहेरून. इथं कुठी बसू अभ्यासाले?"

"आजवर कुठी बसली?"

"म्हणूनच तं म्हणून राहिली."

"अन् लोक काय म्हणतीन? देवरावची पोट्टी लगनाच्या वयात नंदनवनात खोली करून राहते! मी गल्लीत तोंड कसं दाखवू?"

"तोंड दाखवाले काय झालं?" त्याची बायको पुष्पलता भांडी गोळा करता करता मध्येच बोलली. "आत्याबाई संगं जाऊन राहिल्या ना. मंग लोकाइले बोलाले जागाच कुठी उरली?" पुष्पलतेला सातवा महिना लागला होता. पाळणा कुठे टांगायचा या काळजीनं ती रोज छताकडे पाहत असे, आणि घरातली दोन माणसं एकदम कमी होतील हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला होता.

देवराव सुपारी कातरत होते. अडकित्ता न थांबवता त्यांनी विचारलं, "कांड्या कोण भरन?"

पुष्पलतेच्या हातातली भांडी हातातच राहिली. दोन माग दिवसभर चालायचे तर कोणीतरी दिवसभर रहाटाशी बसायला हवं, आणि शोभाताई गेल्यावर ते कोणीतरी कोण, हे तिला बोटानं दाखवायची गरज नव्हती. तिनं आवाज मऊ केला. "तसं पाहाले गेलं तं आत्याबाईचं वय झालं आता. नवी जागा सोसन का त्याइले? माहं आपलं मन म्हणते."

"आताच तं म्हणे लोकाइले जागा नाई बोलाले!" शामला म्हणाली.

बायकोला अशी कोलांटी मारताना पाहून श्रावणला काय झालं कोण जाणे. रागीट माणूस, पण मनानं कच्चा. सातवीत शाळा सोडून मागावर बसला होता आणि बहिणीची पुस्तकं त्यानंच आपल्या हातानं बांधून आणली होती. तो मान खाली घालून म्हणाला, "कांड्या मी भरून घेईन बाबा. जाऊ द्या तिले. जाऊच द्याचं नव्हतं तं शिकवली कशाले?"

सगळे देवरावांकडे पाहू लागले. शोभाताईंना वाटलं, आपल्याला कोणी विचारेल. कोणी विचारलं नाही. त्यांनाही त्याची सवय होती.

"मी कुठी नाई म्हणलं?" देवराव म्हणाले. "ह्या ताण्याचा मोकळा दिवस येऊ द्या. त्या दिवशी जाय तू, शोभेले घेऊन."

मोकळा दिवस म्हणजे त्या घरचा रिवाज. घरातल्या कर्त्याच्या मागावरचा ताणा, म्हणजे उभं सूत, विणून संपला की कापड कापायचं, मागाला हळद-कुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि एक दिवस माग तसाच रिता ठेवायचा. दुसऱ्या दिवशी शोभाताई बसायच्या आणि जुन्या ताण्याच्या उरलेल्या टोकांना नव्या ताण्याचा एकेक धागा वळून जोडायच्या. घरातलं माणूस बाहेर राहायला जायचं ते या मोकळ्या दिवशीच. ताणा मागावर असताना घर सोडलं तर धागा अर्ध्यात तुटतो, असं देवरावांच्या वडिलांपासून सांगत आले होते. पाठवणी असो की गावी जाणं असो, सगळं त्या दिवसावर ठरे.

म्हणून शामलाला त्या उत्तरात खोट दिसली नाही. ती हरखून गेली. सत्यवतीबाईंना जाऊन सांगून आली, आणि त्यांनीही महिनाभर खोली राखायचं कबूल केलं. मग ही बी.एस्सी. झालेली पोर शाळेतून आली की पदर खोचून रहाटाशी बसू लागली. कांड्या भरून भरून तिनं बापाच्या मागाशी ढीग लावला. वडील दम खायला थांबले की ही पाण्याचा गडवा घेऊन उभी. "बाबा, किती राहिलं?" असं रोज विचारायची, आणि देवराव "होते ना माय, होते," म्हणत धोटा फेकायचे. तिनं एक वातीचा स्टोव्ह आणला, दोन ताटल्या आणल्या, खिडकीसाठी निळा पडदा शिवून घेतला. शोभाताईंनी कोणाला न सांगता आपली पत्र्याची पेटी चिंचेनं घासून उन्हात ठेवली. पुष्पलतेनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गंज चढला होता."

ताणा संपत आला. ताणा गुंडाळलेल्या तुरीचं लाकूड सुतातून दिसू लागलं.

त्या दुपारी शामला शाळेत होती आणि श्रावण इतवारीच्या बाजारात लुगडी पोचवायला गेला होता. देवरावांनी नवा ताणा खांद्यावरून आणून मागाशी ठेवला.

"शोभे, जोडून घे."

शोभाताईंना वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. "भाऊ, अजून कापड कापलं नाई. हळद-कुंकू नाई, नारळ नाई. मोकळा दिवस..."

"ह्या खेपी राहू दे. दुकानदार घाई करून राहिला."

यंत्रमागाची लुगडी इतवारीत ढिगानं येऊन पडल्यापासून देवरावांच्या दुकानदारानं कधी घाई केली नव्हती. दोघांनाही ते ठाऊक होतं. शोभाताई उभ्याच राहिल्या. "पोरीले शब्द देल्ला तुम्ही," त्या म्हणाल्या.

देवराव चिडले नाहीत. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून कडेला बसले आणि मुंडाशानं तोंड पुसलं. "पोरगी आज ना उद्या जाईनच वं. तिचं जाणं मी सोसीन. पण तू गेली तं मी कोणाच्या भरोशावर माग चालवू? ह्या घरात तुह्यावाचून माहं कोण हाये?"

नवरा गेल्यावर शोभाताई ऐन तरुणपणी या घरात परत आल्या होत्या. भाऊ त्यांना कधी वाईट शब्द बोलला नव्हता. चांगलाही बोलला नव्हता. खायला दिलं, सणाला लुगडं दिलं, रहाटापाशी जागा दिली. इतकी वर्षं त्या मनाशी धरून होत्या की भावानं आपल्याला पोसलं. आज पहिल्यांदा तो म्हणाला, मीच तुझ्या भरोशावर आहे. शोभाताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते वाक्य वीस वर्षांपूर्वी आलं असतं तर केवढं झालं असतं! आज ते नेमकं कशासाठी आलं हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण तहानलेलं माणूस पाणी कोणी दिलं ते बघत बसत नाही.

आणि भावाच्या शब्दानं त्या भुलल्या एवढंच खरं नव्हतं. नंदनवनातल्या त्या शांततेत, पोर शाळेत गेल्यावर, हाताला काम नसताना आपण दिवसभर कोण म्हणून बसायचं, ही भीती त्यांना पेटी घासली त्या दिवसापासून पोखरत होती. कोणी अडवलं तर बरं, असंही मनात येऊन गेलं होतं. भावानं अडवलं.

त्यांनी चुलीतली राख वाटीत घेतली, बोटांना लावली आणि धाग्याला धागा वळायला बसल्या. पुष्पलता दारातून पाहत होती. रहाट आता तिच्या वाट्याला येणार नव्हता. तिचंही भलं होणार होतं.

शामला आली तेव्हा माग वाजत होता. तिनं सायकल भिंतीला टेकवली, आत पाऊल टाकलं आणि तुरीवरचा भरलेला ताणा पाहून तिथेच थांबली. "बाबा, हे काय? मोकळा दिवस कुठी गेला?"

"माग चालू हाये ना. ताणा उतरलाच कुठी?" देवराव मान वर न करता म्हणाले. "हा उतरू दे आता. मोकळा दिवस काय पळून चालला?"

शामलानं त्यांच्याशी वाद घातला नाही. ती आत्याकडे वळली. शोभाताईंनी हात पदराखाली घेतले, पण राख लागलेली बोटं तिनं पाहिली होती. "आत्या, तू जोडला?"

"दुकानदाराची घाई होती," शोभाताई म्हणाल्या.

आजचं कोणी म्हणेल, पोरीनं तरीही निघून जायचं. पण आत्याशिवाय तिला खोली मिळणार नव्हती, ही गोष्ट ती विसरू शकत नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं आत्याचा हात धरला. "आत्या, तू अशीच चाल माह्यासंगं. ताणा राहू दे मागावर. काई होत नाई. धागा तुटते तो सुताच्या दोषानं तुटते, माणसाच्या जाण्यानं नाई."

"ताणा असताना घर कसं सोडावं?" शोभाताई म्हणाल्या. "आपल्या घरात कोणी सोडलं नाई."

शामलानं हात सोडला आणि घागर कमरेवर घेतली. तिनं पुन्हा विचारलं नाही. महिना सरल्यावर सत्यवतीबाईंनी ती खोली एका नव्या जोडप्याला दिली, आणि निळा पडदा पुष्पलतेनं पाळण्याला लावला.

संक्रांत झाल्यावर खापरखेड्याचं स्थळ पुन्हा आलं. जागेश्वर, तिथल्या पॉवर हाऊसमध्ये ऑपरेटर. आदल्या वर्षीही आलं होतं आणि शामलानं साफ नकार दिला होता. या वेळी तिनं कपडे वाळत घालता घालता श्रावणला एवढंच विचारलं, "क्वार्टर हाये त्याले?"

"हाये. दोन खोल्याचं."

"मंग हो म्हणा."

त्या रात्री श्रावण जेवला नाही. शोभाताईंनी त्याचं ताट झाकून ठेवलं आणि त्या रहाटापाशी जाऊन बसल्या. देवरावांना मात्र आनंद झाला, खराखुरा. मुलीला त्यांनी कोंडून ठेवलं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं, आणि आता तर ती चांगल्या घरी चालली होती.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी सकाळी पाहुण्यांना बसायला जागा करायची होती. देवरावांनी कैची आणली आणि आपल्या मागावरचा ताणा मधोमध कापायला घेतला.

"भाऊ!" शोभाताई धावल्या. "अर्धा ताणा हाये अजून!"

"माणसं कुठी बसवू मंग? माग बाजूले सराले पाह्यजे," देवराव सहज म्हणाले. "लगनाच्या कामात कसला आला ताणा?"

कैची चालली. सूत दोन्हीकडे खाली पडलं. एवढंसं काम, पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. शोभाताई ते पडलेलं सूत पाहत राहिल्या. हे इतकं सोपं होतं, आणि आपण विहिरीवर पोरीला काय सांगितलं! त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्या खाली बसून ते सूत गोळा करू लागल्या.

दुपारी खापरखेड्याची मंडळी आली. जागेश्वरची आई पार्वतीबाई, मामा रामाजी आणि आणखी चार-दोन जण. जागेश्वर कोपऱ्यात संकोचून बसला होता. भला मुलगा होता, डोळे खाली, बोलणं हळू, आणि त्याच्यात नाव ठेवायला काही नव्हतं याचंच शोभाताईंना वाईट वाटत होतं. शामलाला पाटावर बसवलं. कुंकू लागलं, ओटी भरली. मग पार्वतीबाई पदर सावरून म्हणाल्या, "एक गोष्ट आधीच बोललेली बरी, देवराव. खापरखेड्याहून रोज नंदनवनात जाणं-येणं होणार नाई. पोरीले नोकरी सोडा लागन. अन् पुढचं शिकणं बी आता कशाले?"

"सोडन ना," देवराव म्हणाले. "त्यात काय हाये?"

"नाई सोडणार," आतल्या दारातून आवाज आला.

माना वळल्या. शोभाताई दारात उभ्या होत्या, हातात साखरेचं ताट. या घरातल्या कुठल्याच बैठकीत त्या आजवर बोलल्या नव्हत्या. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "पोरीले खोली पाह्यजे होती. शिकाचं होतं. तिच्या बापानं शब्द देल्ला अन् मी तो मोडला, ह्या हातानं. म्हणून ती तुम्हाले हो म्हणून राहिली. तुमच्या पोराचा दोष नाई बाई. पण हे मोडा. शामले, आजच चाल. दुसरी खोली पाहू. मी येतो तुह्यासंगं, हाये त्या लुगड्यानिशी येतो."

"शोभे!" देवराव उठले. श्रावणनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. "बोलू द्या तिले," तो म्हणाला. पुष्पलता बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकली. रामाजी आपल्या टोपीकडे पाहू लागले.

जागेश्वरनं प्रथमच मान वर केली आणि सरळ शामलाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं हाये? तुम्ही म्हणाल तं आम्ही उठून जातो. राग नाई माहा."

शोभाताईंनी देवाचं नाव घेतलं. आता ही एक शब्द बोलली की सुटली.

शामलानं आत्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मग ती पार्वतीबाईंकडे वळून हसली. "आत्याले करमणार नाई माह्यावाचून. तिनंच वाढवलं ना मले. म्हणून बोलून राहिली ती. मनावर नका घेऊ."

बायका एकदम सुटल्यासारख्या हसल्या. पार्वतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मायेचं माणूस हाये हो," म्हणाल्या, "असंच होते." देवरावांनी श्वास सोडला. जागेश्वर मात्र हसला नाही. त्यानं पुन्हा विचारलं, "नक्की?" आणि शामलानं मान हलवली.

बोलणी पुढे सुरू झाली. शोभाताई साखर द्यायला पाटापाशी वाकल्या आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "अवं, मी खरं बोलली. मी येईन."

"मले माहीत हाये तू खरं बोलली," शामला तितक्याच हळू म्हणाली. "पण आत्या, आता पुन्हा वाट पाहाले लावू नको मले. माह्यानं होत नाई."

शोभाताई तिच्याजवळ अजून काही बोलणार होत्या, पण मागून देवरावांनी हाक मारली, "शोभे, पाहुण्याइले साखर दे ना!" आणि सवयीनं त्या उठल्या. पार्वतीबाईंच्या हातावर साखर ठेवताना त्या माउलीनं त्यांचं मनगट धरलं. "काळजी नका करू. पोरगी समजदार हाये तुमची. कोणाचं मन मोडत नाई."

"हो," शोभाताई म्हणाल्या, आणि पुढच्या हातावर साखर ठेवली.